पाटी न वाचलेलं चित्र

मॅरिकव्हिल, सिडनी
१२ मे १९९४

प्रिय थेल्मा,

गुडघा कसा आहे? मागच्या गुरुवारी टाउन हॉलमध्ये ऑर्गन सुरू झाल्यावर तू दोनदा कण्हलीस, आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना वाटलं की तू वाजवणाऱ्याला नावं ठेवतेस. दुसऱ्या वेळी तू खरंच नावं ठेवत होतीस, ते मी त्यांना सांगितलं नाही.

जूनच्या पहिल्या गुरुवारचं मी ठरवून टाकलंय. तू म्हणतेसच की एनिडने ठरवायचं आणि थेल्माने तक्रार करायची, तर आता तक्रारीला तयार हो. या वेळी मोठी आर्ट गॅलरी नाही, नाटक नाही, चिनी बागही नाही. बोटीने पलीकडे जायचं. तिथल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात माणसांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं. सगळी हौशी मंडळी असतात, पण परीक्षक बाहेरचे असतात. या वर्षी तीनशेच्या वर चित्रं आली आणि भिंतीवर साठच लागली म्हणे.

आपला नियम तिथेही पाळायचा, उलट तिथे जास्तच. आधी चित्र बघायचं, मनात येईल ते बोलून टाकायचं, आणि आवडलं तरच शेजारची पाटी वाचायची. नाही आवडलं तर कुणाचं ते न बघता पुढे. दाराशी यादीचं पुस्तक विकतात, ते घ्यायचं नाही.

आणखी एक. त्या हॉलमध्ये एक गोष्ट आहे जी तू बघावीस असं मला फार वाटतं. कुठली ते सांगणार नाही. तुला ती आवडली, तर चहाच्या वेळी मी तुला अकरा वर्षं लपवून ठेवलेली एक गोष्ट सांगेन. घाबरू नकोस, चोरून लग्न वगैरे केलेलं नाही. नाही आवडली तर सांगणार नाही, आणि तूही विचारायचं नाहीस. कबूल असेल तरच ये. नाही, कबूल नसलं तरी ये.

अंड्याची सँडविचेस मी आणते. मोहरी कमी घालेन.

तुझी,
एनिड

•

लिथगो
१७ मे १९९४

एनिड,

कबूल. बघ, तक्रार न करता मान्य केलं. आता तक्रार.

नगरपालिकेचा हॉल? अगं, तिथे काय असणार ते मी इथे डोंगरात बसून सांगते. नऊ आजोबा, सात मांजरी (माणसांची चित्रं म्हटलं तरी मांजरी असणारच), सुनेने काढलेली एक सासू, आणि आरशात बघून काढलेले चार डॉक्टर, कारण निवृत्त डॉक्टरांना दुसरा उद्योग नसतो. तीन तास गाडीत बसून मी हे बघायला येणार. आमचा नवरोबा क्लॅरी म्हणतो, एवढंच बघायचं तर आपल्या क्लबच्या बारमध्ये चल, भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांचे फोटो आहेत.

नियमाचं मला काय शिकवतेस? नियम माझा आहे. एकसष्ट साली टेलिफोन एक्स्चेंजची ड्यूटी संपवून आपण दोघी गॅलरीत गेलो होतो. तो टाय लावलेला माणूस आधी खाली वाकून पाटी वाचत होता, चित्रकार नावाजलेला निघाला की मग मागे सरून बायकोला म्हणत होता, अप्रतिम. मी एवढ्या मोठ्याने हसले की पहारेकऱ्याने आपल्याला बाहेर काढलं. पायऱ्यांवर बसून आपण नियम केला, आणि जी आधी पाटी वाचेल तिने दिवसभर दोघींच्या पिशव्या उचलायच्या असंही ठरलं. तेहतीस वर्षांत मी एकदाही पिशवी उचललेली नाही. तू चौदा वेळा. मी मोजलंय.

लोकांना वाटतं मी फटकळ आहे. आहेच. पण त्या भिंतींसमोर मला जे वाटतं ते मी बोलते, आणि तू ऐकून घेतेस, एवढ्यासाठी मी महिनाभर लिथगो सहन करते. हे मी तोंडावर म्हणणार नाही, म्हणून लिहिलं.

तुझं गुपित काय असेल ते मला कळलंय. दर बुधवारी संध्याकाळी तू चर्चच्या गाण्याच्या वर्गाला जातेस ना? अकरा वर्षं झाली असतील त्याला, आणि माझ्या कानावर तुझी एक ओळ पडलेली नाही. त्या हॉलमध्ये तुमच्या मंडळींचं गाणं आहे आणि तू एकटी उभी राहून गाणार आहेस. बरोबर? गा. वाईट गायलीस तर मी तसं सांगेन, पण बाहेर आल्यावर.

मोहरी नेहमीएवढीच घाल.

थेल्मा

•

लिथगो
५ जून १९९४

एनिड,

पोट बरं आहे का? मी दोन दिवस विचार करतेय की सँडविचेस बाधली तर मलाही बाधायला हवी होती, आणि मी तर तुझ्या वाटणीचीही खाल्ली.

दिवस मात्र झकास गेला. मी हरले, कबूल करते. मांजरी दोनच निघाल्या. तो बेकरीवाला, ज्याच्या भुवयांवर पीठ होतं, तो माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्याची पाटी मी वाचली, कुणा शाळामास्तरणीने काढला होता. त्या जुळ्या बहिणीही चांगल्या होत्या, जरी एक दुसरीपेक्षा दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. तू सगळीकडे नुसती मान डोलावत होतीस.

मग ते दाराजवळचं, खिडकीच्या बाजूचं चित्र. बोटीवर बसलेली बाई, राखाडी कोट, बाजूने काढलेली, तोंड अर्धवट उघडं आणि एक हात वर. तू तिथे थांबलीस आणि मला विचारलंस, "याबद्दल काय वाटतं?" तू आपणहून कधी विचारत नाहीस, म्हणून मीही पाय रोवून नीट बघितलं. आणि म्हटलं, "ही बाई शेजारी येऊन बसली तर मी पाण्यात उडी घेईन. आणि ज्याने हिला काढलंय तो हिला घाबरतो."

बाजूचं जोडपं हसलं. कुणी हसलं की मला चेव येतो हे तुला माहीत आहे. मग मी त्या हनुवटीबद्दल बोलले, आणि रंग असे चोळलेत की कुणीतरी चूक पुसायला बसलंय असं वाटतं, हेही बोलले. अजूनही माझं तेच मत आहे. पाटी न वाचता आपण पुढे गेलो. नियम म्हणजे नियम.

पण त्यानंतर तू बाहेर बाकावर जाऊन बसलीस. भूक नाही म्हणालीस. डोकं दुखतंय म्हणून तीनची बोट सोडून एकची पकडलीस, आणि मी त्या धक्क्यावर दोन तास एकटी. मला राग नाही आला, काळजी वाटली. जरासा आलाही.

आणि गाणं झालंच नाही. मी दाराशी बसलेल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली इथे गाण्याचा कार्यक्रम नाहीच मुळी. मग ती गोष्ट कुठली होती? विचारायचं नाही असं ठरलंय, पण मी विचारतेय. त्या कोपऱ्यातलं पितळी मुंडकं का? ते मला आवडलं नव्हतं, पण तुझ्यासाठी आवडून घेईन.

डॉक्टरकडे जा.

थेल्मा

•

मॅरिकव्हिल
१४ जून १९९४

प्रिय थेल्मा,

पोटाला काही झालेलं नाही. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर आलं एवढंच. तुला धक्क्यावर एकटं सोडलं, ते चुकलं माझं.

ते मुंडकं नव्हतं. पण विचारायचं नाही असं ठरलं होतं, तेव्हा राहू दे. तू खरं बोललीस आणि तेच आपण ठरवलेलं होतं. मी तुझ्यावर रागावलेले नाही, हे लिहून ठेवते.

७ जुलैला जमणार नाही. छपराची माणसं यायची आहेत, आणि ती कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं. तू एकटी येणार असशील तर बंदराजवळच्या छोट्या नाट्यगृहात कळसूत्री बाहुल्या आल्या आहेत, जपानच्या. कात्रण सोबत पाठवते.

बुधवारचा वर्ग मी सोडला. या वयात आवाज राहत नाही.

क्लॅरीला नमस्कार सांग.

एनिड

•

लिथगो
२४ जुलै १९९४

एनिड,

मी हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही, तेव्हा जसं आहे तसं वाच.

छपराची माणसं आली की नाही ते मी विचारत नाही. बाहुल्या बघायला मी एकटी गेले नाही. एकटीने बघायचं तर माझ्याकडे टीव्ही आहे. एकोणीस तारखेला मला सदुसष्ट पूर्ण झाली. क्लॅरीने केक आणला, त्यावर माझं नाव चुकीचं होतं. आमच्या पोस्टातल्या बाईनेसुद्धा मला शुभेच्छा दिल्या. तुझं कार्ड आलं नाही. एकसष्ट सालापासून पहिल्यांदा.

आणि एकवीस तारखेला रेल्वेने तुझं पार्सल आलं. तपकिरी कागद, तुझं अक्षर, बरोबर एक ओळ नाही. याचा अर्थ न कळायला मी काही दुधखुळी नाही. बोलायचं नसलं की माणसं असंच करतात. ते मी कपाटाच्या मागे टाकलंय. मला ते डोळ्यांसमोर नको.

माझी जीभ तुला आताच लागली का? तेहतीस वर्षं तू हसत होतीस. मला वाटायचं, तुला माझं ऐकायला आवडतं. नसेल आवडत तर एकदा सांगायचं होतंस, मी तोंडाला कुलूप लावलं असतं. तुझ्यासाठी लावलं असतं. आता काय उपयोग?

ऑगस्टच्या गुरुवारी येऊ की नको, ते कळव. तुला नको असेल तर मी गाडीचा पास क्लॅरीच्या बहिणीला देऊन टाकते.

थेल्मा

•

मॅरिकव्हिल
१ ऑगस्ट १९९४

थेल्मा,

पार्सल तुला मिळालं हे वाचलं. त्याच्यावर पत्ता मी एप्रिलमध्येच लिहून ठेवला होता. नंतर ते थांबवायला हवं होतं, पण माझ्याकडून राहून गेलं. तुझ्या वाढदिवसाला ते यावं, हे आता मलाच बरं वाटत नाही.

तुला ते डोळ्यांसमोर नको आहे हे मी समजू शकते. कपाटामागेच राहू दे. नाहीतर टाकून दे, मला त्याचं काही वाटणार नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबरचे गुरुवार मला सोड. त्यानंतरचं बघू. तुझी जीभ मला लागलेली नाही. माझंच काही मोजमाप चुकलं.

वाढदिवसाच्या शुभेच्छा. उशिरा देतेय.

एनिड

•

लिथगो
रविवार, २५ सप्टेंबर १९९४

माझ्या एनिड,

काल सकाळी क्लॅरीला त्याचा मासेमारीचा गळ सापडेना. त्याने घर उलटंपालटं केलं आणि शेवटी कपाट भिंतीपासून ओढलं. मागून तुझं पार्सल निघालं.

मी ते उघडलंच नव्हतं, एनिड. आधी हे वाच, मग बाकीचं. आलं त्या दिवशी मी ते हातात घेतलं, आकार बघितला, वजन बघितलं, आणि मला खात्री झाली की हा माझ्या आईचा आरसा. तू मॅरिकव्हिलच्या घरात आलीस तेव्हा तुझ्या पॅसेजमध्ये लावायला म्हणून मी तुला दिला होता तो. मला वाटलं, तू माझी वस्तू मला परत केलीस. माणसं संबंध तोडताना करतात तसं. मग तुझं पत्र आलं की पत्ता एप्रिलमध्येच लिहून ठेवला होता, आणि मी म्हटलं, बघा, हिचं एप्रिलपासून ठरलं होतं, आणि जूनमध्ये मला सँडविचेस खायला घालत होती. दोन महिने मी हेच चघळत बसले. जेवताना, कपडे वाळत घालताना, सगळीकडे. एकदाही सुरी घेऊन दोरी कापावी असं माझ्या मनात आलं नाही. माझ्या नाकावर बसलेला राग उतरायला तयार नव्हता, दुसरं काय.

क्लॅरी म्हणाला हे काय, मी म्हटलं आईचा आरसा, ठेव तिथेच. पण दोरी सैल झाली होती आणि त्याला कुठल्याही गाठीशी खेळल्याशिवाय राहवत नाही. त्याने कागद काढला, चित्र खिडकीजवळ नेलं. चष्माही नव्हता त्याच्या डोळ्यांवर.

"अगं, ही तर तू," तो म्हणाला.

मी पाहिलं. राखाडी कोट, वर केलेला हात. मी पलंगावर बसले. मी त्याला विचारलं, मी अशी दिसते? त्याने चित्र हातभर लांब धरलं. मग म्हणाला, "घरी नाही दिसत. गुरुवारी सिडनीहून येतेस ना, गाडीतून उतरताना अशी दिसतेस. अजून काहीतरी बोलायचं राहिलंय तुझं, असं तोंड असतं. तेवढं बघायला मिळतं म्हणून तर मी फलाटापर्यंत येतो."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं, एनिड, आणि तेही तुझ्या चित्राकडे बघून.

मग मी ते पालटलं. मागे तुझ्या अक्षरातली पाटी होती. "थेल्मा, नदीवर. चित्र: एनिड. विक्रीसाठी नाही." जूनमध्ये मी दोन पावलं पुढे होऊन वाकले असते, तर हेच भिंतीवर वाचलं असतं. तू माझ्या बाजूला उभी होतीस. तू मला विचारलंस, काय वाटतं. आणि मी परक्या लोकांना हसवायला तुझ्या अकरा वर्षांवर थुंकले. बुधवारचा वर्ग गाण्याचा नव्हता, हे मला आता कळतंय. "आवाज राहत नाही" असं तू लिहिलंस तेव्हा मी क्लॅरीला म्हटलं, बरं झालं, बिचाऱ्या शेजाऱ्यांची सुटका.

मी बोलले त्यातलं एक खरं होतं, आणि तेच मला सर्वांत जास्त टोचतंय. ज्याने हिला काढलंय तो हिला घाबरतो. तू मला घाबरत होतीस. नाहीतर अकरा वर्षं कोण लपवतं? तू चित्र काढतेस हे तू जगातल्या सगळ्यांना सांगू शकलीस, परीक्षकांना, नगरपालिकेच्या कारकुनाला, फक्त मला नाही. मी तुझी सगळ्यांत जवळची मैत्रीण.

काल मी फोन तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. तोंडाने माझ्याकडून नेहमी भलतंच जातं. रडायला लागले तर चिडून बोलेन, आणि चिडले तर विनोद करेन, आणि तू पुन्हा ऐकून घेशील. म्हणून या वेळी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. हे लिहिलंय, चारदा वाचलंय, उद्या सकाळी पोस्ट उघडताच टाकेन.

चित्र स्वयंपाकघरात लावलंय. मी त्याच्याखाली बसून लिहितेय. हनुवटी माझीच आहे.

क्लॅरी म्हणतो असं चित्र कुणाचं पहिलं नसतं, हिच्याकडे आणखी ढीग असणार. आहे का? असेल तर मला दाखव. मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर तू म्हणशील तेवढंच बोलेन. तुझा वर्ग पुन्हा सुरू कर. मी दर बुधवारी येऊन दाराबाहेर बसेन, हवं तर पिशव्या धरून.

मला माफ कर. हे वाक्य मी याआधी कुणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे बरोबर लिहिलंय की नाही ते माहीत नाही.

थेल्मा

•

मॅरिकव्हिल
शुक्रवार, ३० सप्टेंबर १९९४

प्रिय थेल्मा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते बागेत उभ्या उभ्या वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं.

आरसा पॅसेजमध्येच आहे. मी रोज त्यात बघून टोपी घालते. पार्सलवरचा तो पत्ता मी चित्र हॉलवर देतानाच लिहून दिला होता, प्रदर्शन संपलं की तुझ्या वाढदिवसाला त्यांनीच ते पाठवावं म्हणून. तू असं काही समजशील हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. तुझं जुलैचं पत्र वाचून मला वाटलं, तू पार्सल उघडलंस, स्वतःला ओळखलंस, आणि तुला ते डोळ्यांसमोर नको झालं. जूनमध्ये तू न ओळखता बोलली होतीस, ते मी कसंबसं गिळलं होतं. जुलैत ओळखून तेच बोललीस असं मी धरलं. मग मी तुला एक ओळ लिहून विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

माफीचं म्हणशील तर त्यात माझाही वाटा आहे, तो मला घेऊ दे. हॉलमध्ये मी तुझा दंड धरून म्हणायला हवं होतं, थेल्मा, ही तू आहेस आणि हे मी काढलंय. तू आधी लाजली असतीस, मग मला शिव्या दिल्या असत्यास, मग आपण चहा प्यायलो असतो. पण मला तुझं खरं मत हवं होतं, तेही न मागता, तेही चांगलं. म्हणून मी आपल्या नियमाच्या आड उभी राहिले. तू नियम पाळलास. लबाडी मी केली.

आणि घाबरत होते, हो. तुला नाही. तू एका वाक्यात जे संपवतेस ना, त्याला. मोठमोठी नावं असलेली चित्रं तू एका वाक्यात संपवलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातली निम्मी खरंच वाईट होती. मला वाटायचं, माझं एखादं तरी त्या वाक्यातून वाचेल इतकं चांगलं होईपर्यंत थांबू. तशी थांबत अकरा वर्षं गेली.

आता ढिगाबद्दल. क्लॅरीचा अंदाज बरोबर आहे. मिसेस हालास म्हणून एक हंगेरियन बाई बुधवारी शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की ज्या माणसाला तुम्ही न कंटाळता बघू शकता त्यालाच काढा. मग दर पहिल्या गुरुवारनंतर, शुक्रवारी सकाळी, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला आठवणीने काढायची. ऑर्गनसमोर झोपलेली तू. चिनी बागेत माशांशी भांडणारी तू. ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर बूट काढून बसलेली, मध्यंतरात आइस्क्रीम संपवणारी, गर्दीत मला शोधणारी. पुष्कळ फाडली. ठेवण्यासारखी चाळीस-एक होती. ती सगळी एका मोठ्या कातडी फाइलमध्ये कॉटखाली होती.

या सोमवारी आमच्या गल्लीत नगरपालिकेची साफसफाई होती. घरातलं नको असलेलं सामान फुटपाथवर आणून ठेवायचं आणि मंगळवारी ट्रक घेऊन जातो. शेजाऱ्यांनी गाद्या ठेवल्या, एकाने मोडका फ्रीज. मी चित्रं काढायची घोडी ठेवली, रंगांचा डबा ठेवला, आणि वर ती फाइल. संध्याकाळी एक बाई गाडी थांबवून उतरली आणि घोडी घेऊन गेली. फाइलही तिने उघडली, थोडे कागद पालटून पाहिले, आणि परत ठेवली. मी पडद्याआडून बघत होते. तिने एक जरी नेलं असतं तर मी बाहेर जाऊन बाकीचे आत आणले असते, असं मला आता वाटतं. मंगळवारी सकाळी सात वाजता ट्रक आला. तुझं पत्र गुरुवारी आलं.

काल वाचल्यावर लगेच मी नगरपालिकेला फोन केला. तिकडची मुलगी फार चांगली होती. ते सगळं दाबून त्याच दिवशी डेपोत जातं, म्हणाली. कागद होते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, कागदच.

आज सकाळी मी पेन्सिल घेऊन बसले. तुझा कोट जमतो, हातही जमतो. तोंड जमत नाही. पूर्वी ते बघावंही लागायचं नाही, आठवणीने आपोआप उतरायचं. आता काढायला गेले की हॉलमधलं तुझं बोलणंच आठवतं आणि हात थांबतो. कदाचित हे जाईल. सदुसष्टाव्या वर्षी किती दिवसांत जातं ते मला माहीत नाही.

सहा तारखेला ये. चित्रं नकोत. बंदराकाठच्या बागेत दुपारी अग्निशमन दलाचा बँड वाजतो, आपण गवतावर बसून ऐकू. तू मला काही विचारू नकोस, मीही तुला विचारणार नाही. मोहरी तुला हवी तेवढी घालेन. क्लॅरीने फलाटाबद्दल जे म्हटलं ते पुन्हा एकदा शब्दशः सांग, मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मी तेच काढायचा प्रयत्न करत होते आणि त्याला ते दिसलं.

एक गोष्ट लिहू की नको असा मी तासभर विचार केला. शेवटी लिहितेय, कारण लपवून आपलं काय झालं ते आपण पाहिलं. शनिवारी तू तीनदा फोन उचललास ना, तेव्हा ती फाइल कॉटखालीच होती. तू काहीही बोलली असतीस, रडली असतीस, ओरडली असतीस, तरी चाललं असतं. तेहतीस वर्षांत तू पहिल्यांदा बोलायच्या आधी थांबलीस, थेल्मा, आणि तेही माझ्यासाठी थांबलीस.

तुझी,
एनिड